मत गावाला ठेवावं की पुण्यात आणावं?

नोकरीसाठी पुण्यात येऊन वर्षं झाली तरी मतदार यादीत नाव गावालाच, असे बरेच जण आहेत. आधी एक क्लिअर करू, दोन्हीकडं नाव ठेवायचं नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १७ आडवं येतं, आणि फॉर्मवर खोटं लिहून दिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. गावाला घर आहे एवढ्यावरही भागत नाही, राहता कुठं ते बघतात.

गावाला ठेवायचा फायदा एकच पण दणदणीत, ग्रामपंचायत. तिची यादी विधानसभेच्या यादीवरूनच निघते, त्यामुळे नाव हललं की तिथलं मत गेलं आणि सदस्य म्हणून उभं राहणंही गेलं. तोटा म्हणजे सुट्टी एक दिवसाची, एसटीला ही गर्दी, मग जाणं राहूनच जातं आणि कोण येत नाही हे बूथवरच्या पोरांना तोंडपाठ असतं, बोगस मत पडलंच तर अशाच नावावर. त्यातून तुम्ही पोचलात आणि कळलं की आपलं मत आधीच कुणीतरी टाकून गेलंय, तर ओळख पटल्यावर टेंडर्ड व्होट मिळतं खरं, पण कागदावर, तेही लिफाफ्यात बंद, नेहमीच्या मोजणीत धरतच नाहीत.

पुण्यात आणायचं तर फॉर्म ८, ऑनलाइन होतो. गाडी अडते पत्त्याच्या पुराव्यावर. लाइटबिल मालकाच्या नावावर, भाडेकरार रजिस्टर्डच लागतो आणि मालक म्हणणार नोटरी करून घेऊ. बोगस नावं अडवायची चाळणी ती हीच, पण तिच्यात खराखुरा भाडेकरूही अडकतो. त्यापेक्षा बँकेच्या पासबुकावर चालू पत्ता करून घ्या, तेही चालतं. फ्लॅट बदलला की परत तेच, हा वैताग आहेच.

पुण्यात बसून गावचं मत देता येईल अशा रिमोट मशीनची घोषणा निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये केली होती, एका मशीनवर ७२ मतदारसंघ म्हणे, पण पक्षांनीच शंका काढल्या. त्या आशेवर थांबू नका.

बायकापोरं गावाला, शेती तिथं आणि तुम्ही इथं कॉटबेसिसवर, म्हणजे नुसती एक खाट भाड्यानं घेऊन असाल तर राहू द्या तिकडंच, कामापुरतं बाहेर राहिल्याने रहिवास जात नाही. बाकीच्यांनी मी म्हणेन इकडं आणावं, आणि निवडणूक लागायच्या आधी, कारण उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख गेली की यादी हलत नाही. महापालिकेला तर त्याच्याही आधीची तारीख धरतात.