एकाच मॉडेलचे दोन फोन, अकरा महिने: बॅटरी टिकली पण रिंग वाजत नव्हती

२०२४ मध्ये ऑगस्टच्या शेवटी बडोद्यात विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा आई कारेलीबागेत एकटी होती आणि मी डभोईला अडकलो होतो. लाइट गेलेली, पहिल्या रात्री बोलणं झालं, दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा जुना फोन बंद पडला आणि त्यानंतर जवळजवळ एक पूर्ण दिवस मला एवढंच माहीत होतं की तळमजल्यात पाणी शिरलंय. सोसायट्यांमध्ये मगरी दिसल्याचे व्हिडिओ येत होते ते वेगळंच. शेवटी वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या मुलाने त्याच्या फोनवरून लावून दिला, "अरे मी वर आहे, जेवलेय, तू पाण्यातून येऊ नको" एवढं बोलली आणि मी गाडीवर बसून रडलो. म्हणून हा रिव्ह्यू फक्त बॅटरीचा आहे, कॅमेरा वगैरे चांगला आहे, त्यावर दुसरीकडे भरपूर मिळेल.

सप्टेंबरात रावपुऱ्यातून एकाच मॉडेलचे दोन फोन घेतले, एक आईला एक मला. ५००० एमएएच बॅटरी, ॲमोलेड स्क्रीन, १२० हर्ट्झ (म्हणजे स्क्रीन सेकंदाला १२० वेळा ताजी होते), अँड्रॉइड १४, आणि दुकानवाला भाई म्हणाला, "साहेब, आरामथी बे दिवस चालशे." कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्या गोष्टीचा मला त्रास झाला ती बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये थोड्याफार फरकाने असते आणि तोडगाही जवळपास तोच आहे.

मी एमआर आहे, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, डॉक्टरांना भेटत फिरायचं काम. सकाळी नऊला घराबाहेर, कधी शहरात तर कधी पादरा, डभोई, बोडेली, महिन्यातून दोनदा छोटा उदेपूर. दिवसभर फोन बाइकच्या होल्डरमध्ये किंवा खिशात, मॅप चालू, आमच्या कंपनीचं रिपोर्टिंग ॲप चालू (डॉक्टरकडे गेलो की लोकेशन घेतं आणि डीसीआर, म्हणजे रोजच्या भेटींचा रिपोर्ट, त्यातच भरायचा). आईचा फोन याच्या बरोबर उलट, दिवसभर टीपॉयवर एका जागी पडलेला, सकाळी ताईचा कॅनडाहून व्हॉट्सॲप कॉल, दुपारी थोडं यूट्यूबवर कीर्तन, संध्याकाळी मला फोन. तर फोन सेम, वापर पूर्ण वेगळा, आणि यातूनच मला अर्ध्या गोष्टी समजल्या.

पहिला महिना आईचा फोन खरंच दोन दिवसांच्या वर चालला. तिसऱ्या दिवशी सकाळीही १८ टक्के असायचे. मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांना सांगत सुटलो. आणि मग दसऱ्यानंतर ताईचा मेसेज आला की तीन दिवस सकाळी कॉल करतेय, आई उचलत नाही, सगळं ठीक आहे ना. आईला विचारलं तर ती म्हणे फोन वाजलाच नाही. मला वाटलं सायलेंट झाला असेल. घरी जाऊन बघितलं तर रिंग फुल होती. व्हॉट्सॲप उघडलं की मग एकदम तिन्ही मिस्ड कॉल आले, त्याआधी काही नाही.

इथून माझा अभ्यास सुरू झाला. सोप्या भाषेत सांगतो कारण हे कळल्याशिवाय सेटिंग बदलून उपयोग नाही. अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून, म्हणजे अँड्रॉइड ६ पासून, डोझ नावाची सोय आहे. फोन चार्जरला नाही, स्क्रीन बंद आहे आणि फोन हलत नाहीये, असं काही वेळ राहिलं की सिस्टीम ॲप्सचं नेट बंद करते, त्यांनी फोन जागा ठेवायला लावलेला वेकलॉक मानत नाही, आणि मधूनमधून थोडा वेळ सगळ्यांना एकदम काम करू देते, मग पुन्हा झोप, आणि ही झोप प्रत्येक वेळी लांबत जाते. पुढच्या वर्षी अँड्रॉइड ७ मध्ये खिशात हलत असतानाही हलकी झोप मिळायला लागली. आईचा फोन रात्रभर टीपॉयवर निश्चल, म्हणजे डोझला याहून चांगली परिस्थिती नाही, म्हणून तिची बॅटरी टिकते. माझा कधी पूर्ण झोपतच नाही.

पण डोझमुळे कॉल अडत नाही हे महत्त्वाचं आहे. मेसेज आणि कॉलची सूचना गूगलच्या एकाच कनेक्शनवरून येते, प्रत्येक ॲपला वेगळं जागं राहावं लागत नाही, आणि कॉलसारखी तातडीची सूचना असेल तर डोझमधूनही ॲपला उठवलं जातं. अडतं कधी, तर फोन बनवणाऱ्याने वरून स्वतःचं जे बॅटरी मॅनेजर टाकलेलं असतं त्याने ॲप पूर्ण मारून टाकलं आणि ऑटोस्टार्ट (ॲपने मागे स्वतःहून सुरू होणं) बंद ठेवला तर. ही अवस्था साधारण फोर्स स्टॉप केल्यासारखी, मग ते ॲप तुम्ही स्वतः उघडेपर्यंत त्याला काहीच पोचत नाही. ताईच्या कॉलचं नेमकं तेच झालं होतं. बॅटरीचे जे दोन-सव्वादोन दिवस मी कौतुकाने सांगत होतो त्यातला काही भाग आईची रिंग बंद करून मिळवलेला होता, आणि याचा मला अजूनही राग आहे, कारण बॉक्सवर तास लिहितात, हे कुठेच लिहीत नाहीत.

उपाय केला तो असा. ॲपच्या आयकॉनवर बोट दाबून ॲप इन्फो, तिथे बॅटरी, तिथे तीन पर्याय असतात, अनरिस्ट्रिक्टेड, ऑप्टिमाइज्ड, रिस्ट्रिक्टेड. आईच्या व्हॉट्सॲपला अनरिस्ट्रिक्टेड केलं. शिवाय ऑटोस्टार्ट वेगळ्या मेनूत असतो (आमच्या फोनमध्ये सिक्युरिटीच्या ॲपमध्ये लपवलाय), तो चालू केला, आणि रिसेंट्समध्ये, म्हणजे अलीकडे उघडलेल्या ॲप्सच्या यादीत, व्हॉट्सॲपच्या कार्डावर कुलूप लावलं. तिन्ही करावं लागलं, फक्त पहिलं केलं तेव्हा चार दिवस चाललं आणि पाचव्या दिवशी पुन्हा गायब. आता तिचा फोन पावणेदोन दिवस चालतो. म्हणजे साधारण अर्धा दिवस कमी झाला आणि रोज सकाळी आठला रिंग वाजते. मला हा सौदा हजारदा मंजूर आहे.

गोळ्यांच्या रिमाइंडरचंही लिहितो. आईला थायरॉइडची गोळी उठल्यावर आणि बीपीची रात्री. मी एक छान मराठी रिमाइंडर ॲप टाकून दिलं होतं, ते कधी वीस मिनिटं उशिरा वाजायचं कधी वाजायचंच नाही. डोझमध्ये साधे अलार्म पुढे ढकलले जातात, पण घड्याळाचा अलार्म म्हणून लावलेला अलार्म सिस्टीम वेळेवर वाजू देते. म्हणून ते ॲप काढलं आणि फोनच्या स्वतःच्या क्लॉकमध्ये दोन अलार्म लावले, नाव दिलं "थायरॉइड, उपाशीपोटी" आणि "बीपी". नोव्हेंबरपासून एकदाही चुकलेला नाही. ज्यांच्या घरी वयस्कर माणसं आहेत त्यांनी एवढं तरी आजच करा.

आता माझा फोन. इथे उलटी अडचण, बॅटरी संपायची आणि ॲपही मरायचं. ऑक्टोबरात दोनदा असं झालं की बोडेलीला मी पाच डॉक्टर केले आणि रिपोर्टमध्ये दुपारी एकनंतर काहीच नाही, हाफ डे लागला, मॅनेजरना समजावता समजावता नाकी नऊ आले. फोन खिशात, स्क्रीन बंद, फोनच्या बॅटरी मॅनेजरने ॲप मारलेलं. त्या ॲपलाही वरचे तिन्ही उपाय केले आणि तेव्हापासून ठीक आहे, पण त्याची किंमत दिसते, संध्याकाळी सातला आधी ३५ टक्क्यांच्या आसपास असायची ती २० वर आली.

मग ते १५ टक्के दुसरीकडून कमवायचे ठरवलं. सेटिंग्जमध्ये बॅटरी युसेज रोज रात्री बघायला लागलो, दोन आठवडे वहीत लिहून ठेवलं. शॉपिंगची दोन ॲप्स, जेवण मागवायचं एक, छोट्या व्हिडिओंचं एक, बातम्यांची तीन (तीन कशाला ठेवली होती देव जाणे) ही सगळी रिस्ट्रिक्टेड केली. लोकेशन परमिशन एकेकाची बघितली आणि मॅप, रिपोर्टिंग सोडून सगळ्यांना "ॲप वापरताना फक्त" दिलं. बँकेच्या आणि यूपीआयच्या ॲप्सना हात लावला नाही. बातम्या आता ॲप उघडल्यावर येतात, काही बिघडलं नाही.

जी गोष्ट मी केली नाही आणि कुणी करू नये असं मनापासून वाटतं ती म्हणजे दर तासाला रिसेंट्स उघडून क्लिअर ऑल. आमच्या टीममधला एक जण दर डॉक्टरनंतर करतो, सवयच लागलीय त्याला. रिसेंट्समध्ये दिसणारं कार्ड म्हणजे ॲप चालूच आहे असं नाही, बरीचशी नुसती मेमरीत पडून असतात आणि मेमरी कमी पडली की सिस्टीम स्वतः काढते. तुम्ही काढून टाकलंत की पुढच्या वेळी ते सगळं पहिल्यापासून लोड होतं, प्रोसेसर जास्त राबतो. २०१६ मध्ये एका ग्राहकाने ॲपलच्या टिम कुकना ईमेलवर विचारलं होतं की तुम्ही ॲप्स बंद करत बसता का आणि बॅटरीसाठी त्याची गरज आहे का, दोन्हीला नाही असं उत्तर ॲपलचे सॉफ्टवेअर प्रमुख क्रेग फेडेरिगींकडून आलं, आणि अँड्रॉइडचे तेव्हाचे प्रमुख हिरोशी लॉकहायमर यांनीही तसंच सांगितलं होतं. बॅटरी सेव्हर, बूस्टर, क्लीनर नावाची जी ॲप्स मिळतात ती तर अजिबात नकोत, ती स्वतःच मागे चालत राहतात आणि जाहिराती दाखवतात.

नेटवर्कचा खर्च मला सगळ्यात उशिरा कळला. नवरात्रात गरब्याच्या ग्राउंडवर गेलो, हजारो माणसं, टॉवरवर ताण, फोन पूर्ण वेळ खिशात होता, मी हातही लावला नाही आणि चार तासांत ७० वरून ३८. दुसऱ्या दिवशी एअरप्लेन मोड लावून गेलो (बायकोला सांगून, कुठे भेटायचं ते आधी ठरवून) तर जेमतेम ३ टक्के गेले. सिग्नल कमजोर असला की फोनला टॉवरपर्यंत पोचायला जास्त ताकदीने पाठवावं लागतं, वर सतत शोधाशोध. छोटा उदेपूरच्या रस्त्यावरही तेच, तिथे फाइव्ह जी येतं-जातं-येतं. आता बोडेली सोडली की मी नेटवर्क फोर जी वर टाकतो. या एका गोष्टीने त्या टूरला पॉवर बँक काढायची वेळ येत नाही.

स्क्रीनचं थोडक्यात. डार्क मोडबद्दल सगळे सांगतात पण अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ मध्ये ॲमोलेड फोनवर मोजलं तेव्हा ब्राइटनेस ३० ते ५० टक्के असताना बचत ३ ते ९ टक्केच निघाली, आणि ब्राइटनेस पूर्ण असताना सरासरी ३९ ते ४७ टक्के. मी दिवसभर उन्हात पूर्ण ब्राइटनेसवर, म्हणून मला फायदा आहे. आईला मोतीबिंदू झालाय, तिला पांढऱ्यावर काळं बरं दिसतं, तिच्या फोनला मी डार्क मोड लावला नाही. दोन्ही फोन ६० हर्ट्झवर ठेवले, आईला फरक कळलाही नाही, मला दोन दिवस कळला.

उन्हाळ्यात मात्र फोनने त्रास दिला आणि तो सेटिंगने सुटण्यासारखा नव्हता. मे महिन्यात बडोद्यात ४२-४३ असतं, फोन हँडलवर थेट उन्हात, मॅप चालू, वर पॉवर बँकेची वायर. फोन तापून ब्राइटनेस स्वतःच कमी व्हायचा आणि चार्जिंग थांबायचं. ते थांबतं ते बरंच आहे, कारण लिथियम-आयन बॅटरीला उष्णतेने नुकसान होतं, आतल्या नको त्या रासायनिक क्रिया वेगाने होतात आणि गेलेली क्षमता परत येत नाही. त्यातही पूर्ण भरलेली बॅटरी गरम होणं सगळ्यात वाईट. म्हणून एप्रिलपासून ८० टक्क्यांची चार्जिंग मर्यादा लावली, फोन होल्डरमधून काढून शर्टाच्या खिशात, रस्ता कानात हेडफोनवर ऐकतो (एकाच कानात, ट्रॅफिक ऐकू आलं पाहिजे). आता संध्याकाळी सातला २२-२५ टक्के असतात, तेही ८० वरून निघून. आईच्या फोनला मर्यादा लावलेली नाही, पावसाळ्यात तर नाहीच, तिचा शंभर भरलेलाच हवा मला.

एक तक्रार उरली आहे. जूनमध्ये सिस्टीम अपडेट आलं आणि दोन्ही फोनमधला ऑटोस्टार्ट गुपचूप बंद झाला. अनरिस्ट्रिक्टेड तसंच होतं, कुलूप तसंच होतं, फक्त ऑटोस्टार्ट. ताईने दोन दिवस वाट बघून मला लावला म्हणून कळलं. सर्व्हिस सेंटरला विचारलं तर म्हणाले हे नॉर्मल आहे, अपडेटनंतर परत लावून घ्या. ज्या माणसाला हा मेनू कुठे आहे हेच माहीत नाही त्याने काय करायचं याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

पुन्हा घेईन का, तर माझ्यासाठी हो. आईसाठीही हो, पण तिचा फोन मी स्वतः सेट करून देऊ शकतो म्हणून. जो मुलगा लांब राहतो आणि आईला कुरियरने फोन पाठवणार आहे त्याला मी हाच फोन सुचवणार नाही, निदान व्हिडिओ कॉलवर शेजारच्या कुणाकडून ते तीन उपाय करून घेता येत नसतील तर.

परवा पुन्हा अपडेटची सूचना आली आहे. आईला सांगून ठेवलंय की दाबू नको, रविवारी मी येतो, माझ्यासमोर करू, आणि झाल्यावर ताईला लगेच एक कॉल करायला लावू.