पेद्री, बेलिंगहॅम की विर्ट्स : राष्ट्रीय संघाची मदार कोणावर ठेवावी?

राष्ट्रीय संघाच्या भवितव्याची चर्चा निघाली की फुटबॉलप्रेमी हटकून तरुण मध्यरक्षकांवर येतात आणि त्यांच्यात सर्वांत गुणी कोण यावरून वाद रंगतो. पुढील काही वर्षे कोणत्या संघावर भरवसा ठेवावा हे ज्याला ठरवायचे आहे, त्याने मात्र या गुणांना देशाच्या संघात योग्य जागा, योग्य जोडीदार आणि वेळ पडल्यास योग्य पर्याय मिळतो का, हे आधी तपासावे, असे मला वाटते. स्पेनचा पेद्री, इंग्लंडचा ज्यूड बेलिंगहॅम आणि जर्मनीचा फ्लोरियन विर्ट्स यांची तुलना मी याच अंगाने करत आहे. पेद्रीचा जन्म नोव्हेंबर २००२ मधला, विर्ट्सचा मे २००३ मधला आणि बेलिंगहॅमचा त्यानंतरच्या महिन्यातला, त्यामुळे वयाचे झुकते माप कोणालाच देता येत नाही.

पेद्रीचे मोल गोलांच्या आकड्यांतून कळत नाही. ते समजून घ्यायचे असेल, तर सामना पाहताना दहा मिनिटे चेंडूवरची नजर काढून फक्त त्याच्याकडे पाहावे. सहकाऱ्याने पास देण्यापूर्वीच तो दोन्ही खांद्यांवरून मागे पाहून घेतो, चेंडू येत असताना शरीर अर्धे वळवून ठेवतो आणि पहिल्याच स्पर्शात अंगावर येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला मागे टाकून गोलच्या दिशेने तोंड करून उभा राहतो. २०२१ मध्ये लंडनच्या वेम्बली मैदानावर इटलीविरुद्ध झालेल्या युरोच्या, म्हणजे युरोपीय देशांच्या स्पर्धेच्या, उपांत्य सामन्यात अवघ्या अठराव्या वर्षी त्याने ६६ पैकी ६५ पास अचूक दिले होते. स्पेन तो सामना पेनल्टी शूटआउटमध्ये हरला, पण त्या संध्याकाळी मैदानावरचा सर्वांत शांत खेळाडू तोच होता, असे मी आजही म्हणेन.

तरीही स्पेनला माझी पहिली पसंती आहे ती पेद्रीमुळे जितकी, तितकीच त्याच्याविना स्पेन कसा खेळतो हे पाहिल्यामुळे. २०२४ च्या युरोमध्ये जर्मनीविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात जर्मन मध्यरक्षक टोनी क्रूसशी झालेल्या धडकेनंतर पेद्री आठव्याच मिनिटाला जखमी होऊन बाहेर गेला. त्याच्या जागी आलेल्या दानी ओल्मोने ५१ व्या मिनिटाला गोल केला आणि अतिरिक्त वेळेत, ११९ व्या मिनिटाला, मिकेल मेरिनो या दुसऱ्या बदली मध्यरक्षकाने हेडरवर सामना जिंकून दिला. अंतिम सामन्यात तर स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरलेला मध्यरक्षक रॉड्री मध्यंतरानंतर खेळूच शकला नाही. तेथे मार्टिन सुबिमेंदी उतरला आणि इंग्लंडविरुद्ध स्पेनने २-१ असा विजय मिळवला. याला निव्वळ दैव म्हणता येणार नाही. प्रशिक्षक लुईस दे ला फुएंते यांनी २०१५ मध्ये १९ वर्षांखालील युरोपीय विजेतेपद मिळवले, तेव्हा रॉड्री आणि मेरिनो त्यांच्या संघात होते. २०१९ मध्ये २१ वर्षांखालील विजेतेपद मिळवताना फाबियान रुईस आणि ओल्मो होते. ही मुले एकाच पद्धतीत वाढलेली असल्याने एकाची जागा दुसऱ्याने घेतली तरी संघाची घडी विस्कटत नाही.

बेलिंगहॅमची गोष्ट निराळी आहे. रेआल माद्रिदकडून पहिल्याच हंगामात लीगमध्ये १९ गोल करणारा हा खेळाडू मागून धावत येऊन नेमक्या क्षणी पेनल्टी क्षेत्रात प्रकट होतो, आणि हे शिकवून येत नाही. २०२४ च्या युरोमध्ये स्लोव्हाकियाविरुद्ध भरपाई वेळेच्या पाचव्या मिनिटाला काइल वॉकरचा लांब थ्रो मार्क गुएहीच्या डोक्यावरून पुढे आला आणि बेलिंगहॅमने पाठ गोलकडे असताना हवेत उलटी किक मारून बरोबरी साधली. तो क्षण नसता तर इंग्लंड उपउपांत्यपूर्व फेरीतच बाहेर पडले असते. पण त्याच स्पर्धेत मध्यरक्षक डेक्लन राइसच्या जोडीला आधी ट्रेंट अलेक्झांडर-आर्नोल्ड, मग कॉनर गॅलघर आणि शेवटी कोबी मेनू अशी अदलाबदल झाली. म्हणजे ज्या मध्यफळीवर बेलिंगहॅमने उभे राहायचे, तीच स्पर्धा सुरू असताना शोधली जात होती. इंग्लंडकडे मुलांची वानवा नाही, २०२३ आणि २०२५ अशी सलग दोन वेळा २१ वर्षांखालील युरो त्यांनीच जिंकली. त्या मुलांची वरिष्ठ संघात घट्ट बांधणी होणे एवढेच बाकी आहे, आणि ती झाली तर माझे मत बदलू शकते.

विर्ट्सबद्दल मला सर्वाधिक ओढ वाटते आणि सर्वाधिक काळजीही. मार्च २०२४ मध्ये फ्रान्सविरुद्ध त्याने सातव्या सेकंदाला गोल केला, पण तो चेंडू त्याच्यापर्यंत पोहोचवला होता टोनी क्रूसने. युरोनंतर क्रूस निवृत्त झाला. जमाल मुसियालासारखा तोडीचा साथीदार विर्ट्सला लाभला आहे, मात्र दोघांनाही चेंडू पुढे, प्रतिस्पर्ध्याच्या मध्यफळी आणि बचावफळीच्या मधल्या जागेत हवा असतो. तो तेथवर वेळेवर आणणारा क्रूसचा वारस जर्मनीकडे असेल तरच ही जोडी फुलेल. म्हणून जर्मनीचा अंदाज बांधताना या दोघांपेक्षा त्यांच्या मागे कोण उभा आहे, हे आधी पाहावे.

एखादा अटीतटीचा सामना एका फटक्यात फिरवणारा खेळाडू हवा असेल, तर बेलिंगहॅम निवडावा. महिनाभराच्या स्पर्धेत सात-आठ सामने सारख्याच दर्जाने खेळणारा संघ हवा असेल, तर स्पेन आणि त्यात पेद्री. या निवडीत एकच धोका मला गंभीर वाटतो. २०२०-२१ च्या हंगामात क्लब, युरोसह राष्ट्रीय संघ आणि टोकियो ऑलिम्पिक मिळून पेद्री ७३ सामने खेळला आणि त्यानंतर मांडीच्या दुखापतींनी त्याला वारंवार बाहेर बसवले. तेव्हा स्पर्धेच्या वर्षी त्याच्या क्लबचे निकाल पाहताना, तो किती मिनिटे मैदानावर होता तेही पाहत जावे.