टाळी वाजली, फ्लॅश उडाला आणि २२ हजार गेले

नेमक्या क्षणी फ्लॅश उडवून थेंबाचा किंवा फुटत्या फुग्याचा फोटो टिपायचं यंत्र (ट्रिगर) म्हणून मला एक डबा विकला गेला. आधी तो कसा दिसतो ते सांगतो, कारण तसाच डबा ठाण्यात अजून कुणाला तरी दाखवला जात असणार. काळं प्लॅस्टिक, शाळेच्या पोरांच्या खाऊच्या डब्याएवढा आकार. पुढे दोन ओळींचा निळा पडदा, उजवीकडे ० ते ५०० आकडे छापलेला नॉब, खालच्या कडेला आवाज, लेझर आणि थेंब सोडणारा व्हॉल्व्ह यांच्या वायरी खोचायला तीन भोकं. मागे परदेशी नावाचा चंदेरी स्टिकर. हातात घेतला की चांगला जड लागतो. ते वजन कशाचं, ते पुढे येईलच.

मी कोपरीत राहतो. लग्नाचे अल्बम आणि अधूनमधून छोट्या उद्योगांच्या मालाचे फोटो, असा माझा धंदा. फेब्रुवारीत नौपाड्यातल्या एका ताईंनी कोकम सरबताच्या लेबलाचं काम दिलं. सरबतात थेंब पडल्यावर उसळतो तो मुकुट त्यांना हवा होता, तोही पाडव्याच्या आत. संगणकावर केलेला चालणार नाही, खरा हवा, असं त्यांनी दोनदा बजावलं.

हे काम नुसत्या कॅमेऱ्याने, बोटाच्या जोरावर होत नाही. मुकुट उमलतो आणि काही मिलिसेकंदांत मोडतो. आपण बटण दाबल्यावर साध्या डीएसएलआर कॅमेऱ्याचं शटर उघडायलाच ५० मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त लागतात. म्हणून खोलीत अंधार करायचा, शटर आधीच उघडं ठेवायचं आणि नेमक्या क्षणी फक्त फ्लॅश उडवायचा. फोटो शटर काढत नाही, फ्लॅश काढतो. तो नेमका क्षण पकडायला सेन्सर लागतो, आणि सेन्सरपासून फ्लॅशपर्यंत मोजून थांबणारं यंत्र लागतं. तीस सेंटिमीटरवरून सुटलेला थेंब खाली पोचायला २४७ मिलिसेकंद घेतो. तेवढं आणि वर थोडं, दर वेळी तितकंच, थांबता आलं पाहिजे. ही सगळी विद्या अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या हॅरल्ड एजर्टन यांनी विसाव्या शतकातच उभी केली. हे मला तेव्हाही माहीत होतं. म्हणून जास्त लाज वाटते.

जुन्या सामानाच्या एका अ‍ॅपवर जाहिरात दिसली: परदेशी हायस्पीड ट्रिगर, आवाज आणि लेझर असे दोन्ही सेन्सर आणि थेंबाचा व्हॉल्व्ह, एकदाच वापरलेला, १८,५००. फोन केला तर माणूस मराठी, तोंडात साखर. "दादा, बाहेरच्या माणसाला मी देतच नाहीये. या, बघा, मन भरलं तर घ्या." कापूरबावडीच्या पुढे घोडबंदर रोडला एका सोसायटीत त्याचा 'स्टुडिओ'. मेट्रोच्या कामाची धूळ खात रिक्षाने गेलो. एक रिकामी खोली, काळा पडदा, स्टँडवर कॅमेरा, बाजूला फ्लॅश. भिंतीवर लॅमिनेट केलेलं माहितीपत्रक, त्यावर लाल पार्श्वभूमीवर दुधाचा पांढराशुभ्र मुकुट. "ह्याच डब्यावर काढलाय," तो म्हणाला. मी मान डोलावली. तो फोटो एजर्टन यांचा, १९५७ सालचा! जगभरच्या पुस्तकांत छापून आलेला. ओळखीचा वाटत होता, पण ओळखीचा वाटला म्हणून माझा विश्वास उलट वाढला.

मग त्याने सांगितलं, टाळी वाजवा. वाजवली, फ्लॅश उडाला. परत वाजवली, परत उडाला. सहा-सात वेळा मी लहान पोरासारखा टाळ्या वाजवत होतो आणि तो कौतुकाने बघत होता. इथेच मी गेलो. टाळीला फ्लॅश उडवणं हे शे-सव्वाशे रुपयांच्या, माइक बसवलेल्या छोट्या सर्किट-पट्टीलाही जमतं. त्यातून थांबण्याची वेळ नेमकी आहे का, हे काहीच कळत नाही. एक मिलिसेकंद उशीर झाला काय आणि चाळीस झाला काय, डोळ्याला दोन्ही सारखेच.

नंतर फुगा. पडदे ओढले, त्याने नॉब फिरवून "बारा मिलिसेकंद" असं मोठ्याने म्हटलं, डाव्या हाताने सुई टोचली. फट्! फ्लॅश. कॅमेऱ्याकडे जाऊन दोन बटणं दाबली आणि पडदा माझ्यासमोर धरला. अर्धी साल सोललेला लाल फुगा, रबराच्या कडेची थरथरसुद्धा थिजलेली. ताईंना दाखवायला म्हणून मी मोबाइलने त्या पडद्याचाच फोटो घेतला.

तो फोटो आजही माझ्याकडे आहे. त्यात सुई उजवीकडून आलेली आहे. आणि खालच्या कोपऱ्यात तारीख आहे, मागच्या जून महिन्यातली.

म्हणजे आम्ही फोडलेल्या फुग्याचा फोटो मी पाहिलाच नाही. कार्डावर आधीपासून असलेला दाखवला गेला. कुणी कॅमेऱ्याच्या पडद्यावर नमुना दाखवला तर स्वतःचं कोरं कार्ड घालायला लावा, हे मला आता सुचतं. तेव्हा मी यूपीआयचा पिन दाबत होतो.

घरी ओट्यावर मांडामांड केली. पितळी ताटलीत सरबताचा पातळ थर, वर स्टँडला व्हॉल्व्ह, बाजूला लेझर. पहिल्या रात्री व्हॉल्व्हने थेंबच सोडला नाही. दुसऱ्या रात्री सोडला तो धार लावून. लेझरसमोरून चमचा नेला तर फ्लॅश उडे, थेंब गेला तर ढिम्म. आवाजाचा सेन्सर लावला तर शेजारच्या काकूंच्या कुकरच्या शिट्टीला फ्लॅश, लोकलच्या भोंग्याला फ्लॅश, सौभाग्यवतीने "अहो, जेवायचं का?" विचारलं त्यालाही फ्लॅश. नॉब ५० वर ठेवा नाहीतर ४५० वर, फोटोत फरक शून्य. चार रात्रींत तीनशेच्या वर फोटो काढले. एकात कडेला काहीतरी उसळलेलं दिसत होतं, ते माझ्या हातून पडलेलं टोपण निघालं.

त्याला फोन केला. तो जराही गडबडला नाही. "दादा, तुमचं कॅलिब्रेशन व्हायचंय. प्रो फर्मवेअर, म्हणजे आतला प्रोग्रॅम, टाकावं लागतं, ३,५०० आहेत, तुमच्यासाठी तेवढेच." पैसे पाठवले. मग त्याने डबा चालू करून मोबाइल त्याच्याशेजारी अर्धा तास ठेवायला सांगितलं, म्हणजे अपडेट 'उतरेल'. मी ठेवला. डब्यातला दिवा लुकलुकत राहिला आणि मला वाटलं, उतरतंय. तो दिवा पहिल्या दिवसापासून तसाच लुकलुकत होता.

पाडवा गेला, काम गेलं. ताईंनी शेवटी आमसुलांचा साधा फोटो लावला. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

मी पैसे परत मागितल्यावर तो लगेच तयार झाला. व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर कोड आला: स्कॅन करा, १८,५०० जमा होतील. मी स्कॅन केलाही. पडद्यावर पिन मागितला. मागून घरातून आवाज आला, "पैसे यायचेत ना? मग पिन कशाला मागतोय?" हात थांबला. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, द्यायलाच लागतो. हे मी माझ्या आईला दहा वेळा समजावलेलं आहे. त्या क्षणी मात्र माझ्या डोक्यात फक्त १८,५०० हा आकडा होता. त्यानंतर नंबर बंद.

रविवारी माझा भाचा आला, डिप्लोमाला आहे. म्हणाला, "मामा, उघडूया." चार स्क्रू. झाकण निघालं आणि आधी दिसले ते दोन जाडजूड लोखंडी वॉशर, गरम गोंदाने तळाला चिकटवलेले. वजन हे. मधे आर्डुइनो नॅनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाची नक्कल, शेजारी माइकची पट्टी. आणि नॉब. बाहेरून ० ते ५०० आकडे, आत त्याच्या वायर जोडायच्या तीन पितळी पाकळ्या लखलखीत कोऱ्या. एकीलाही वायर नाही, सोल्डरच्या डागाचा ठिपकासुद्धा नाही. मी चार रात्री मिलिमीटरने जो नॉब फिरवत होतो, तो कशालाच जोडलेला नव्हता.

लेझरच्या समोरच्या डोळ्यात उजेडातला बदल झटकन ओळखणारा फोटोडायोड नव्हता, एलडीआर होता. अंधार पडला की आपोआप लागणाऱ्या दिव्यांत असतो तो, चार-पाच रुपयांचा. वीस सेंटिमीटर पडलेला थेंब सेकंदाला जवळजवळ दोन मीटर वेगाने जातो. चार मिलिमीटरचा थेंब किरणासमोर फक्त दोन मिलिसेकंद असतो. एलडीआरला उजेड-अंधाराचा फरक कळून स्थिरावायला त्याच्या कित्येक पट वेळ लागतो. म्हणून चमचा दिसायचा, थेंब नाही. आणि व्हॉल्व्ह? आपल्या घरच्या आरओ फिल्टरमधला, २४ व्होल्टचा. सोबत दिलेला अडॅप्टर १२ व्होल्टचा.

मला नॅनोची नक्कल असण्याचा राग नाही, हे सांगून ठेवतो. आर्डुइनोवर चांगला ट्रिगर बनतो. त्याचा घड्याळाचा काटा चार मायक्रोसेकंदांपर्यंत बारीक मोजतो, आपल्याला लागतं त्यापेक्षा कितीतरी बारीक. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून सुटं सामान आणलं तर दीड हजाराच्या आत डबा उभा राहतो. फसवणूक स्वस्त मालात नव्हती, त्या कोऱ्या पाकळ्यांत होती.

घ्यायचाच असेल तर टाळी सोडा, गोटीने तपासा. खिशात एक काचेची गोटी आणि स्टीलची पट्टी घेऊन जा. लेझरच्या अगदी जवळून, किरणाच्या वरच्या अंगाला गोटी धरायची, मागे पट्टी उभी. खोलीत अंधार, शटर उघडं, नॉब २०० वर. गोटी सोडली की ती किरण तोडून खाली जाते आणि २०० मिलिसेकंदांनी फ्लॅश उडतो. तोवर ती साधारण १९.६ सेंटिमीटर खाली आलेली असायला हवी. नॉब १०० वर आणला तर ४.९. जिथे सोडली तिथला हाताचा फरक थोडाफार येईल, पण लागोपाठ पाच फोटोंत गोटी पट्टीच्या जवळपास त्याच खुणेवर दिसली पाहिजे. २०० ला गोटीचा वेग असा असतो की एक मिलिसेकंदाची चूक पट्टीवर दोन मिलिमीटर दिसते. माझ्या डब्यावर हे केलं असतं तर गोटी पाचही वेळा किरणापाशीच लटकलेली दिसली असती, आणि मी चहा पिऊन घरी आलो असतो.

सोबतचा फ्लॅशही बघा. त्याने मला फुल पॉवरवर लखलखाट दाखवला आणि मी दिपलो. बहुतेक स्पीडलाइट, म्हणजे कॅमेऱ्यावर लावायचे फ्लॅश, फुल पॉवरला सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास पेटलेले राहतात. तेवढ्यात दोन मीटर वेगाचा थेंब दोन मिलिमीटर सरकतो आणि फोटोत शेपटी येते. पॉवर १/१२८ वर आणली की तोच फ्लॅश तीस-चाळीस हजाराव्या भागात विझतो. गोठवायला मंद फ्लॅश लागतो. जो विक्रेता जोरात फ्लॅश मारून दाखवतो त्याला एकतर कळत नाही, नाहीतर फार कळतं.

तक्रारीचं थोडक्यात. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर नोंद केली, दोन्ही व्यवहारांचे यूपीआयचे बारा आकडी क्रमांक दिले. पण मी हे सगळं दुसऱ्या पेमेंटनंतर अकरा दिवसांनी केलं. फोन पहिल्या तासात गेला तर पैसे खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. माझे केव्हाच पुढे सरकले होते. चौकीतल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "डिलेचा, म्हणजे थांबण्याच्या वेळेचा, नॉब काम करतो, असं त्याने लिहून दिलंय का कुठे?" नव्हतं. सगळं गोड गोड बोलणं फोनवर. तो उद्या म्हणेल, माल दिला, पैसे घेतले. निदान चॅटवर तरी प्रश्न विचारा: कुठला सेन्सर, किती व्होल्ट, किती ते किती मिलिसेकंद. उत्तराऐवजी फोन आला तर समजा. मी त्या सोसायटीतही जाऊन आलो. वॉचमन म्हणाला, ती खोली शूटिंगला दिवसाच्या भाड्याने मिळते.

डबा फेकला नाही. भाच्याने पाकळ्यांना वायरी जोडल्या, प्रोग्रॅम नव्याने लिहिला, एलडीआर काढून फोटोडायोड बसवला, मी २४ व्होल्टचा अडॅप्टर आणला. सगळे मिळून नऊशेच्या आत. मे महिन्यात एका रात्री, सरबतात चिमूटभर गवार गम घालून घट्ट केल्यावर, जांभळट लाल मुकुट मिळाला. टोकाटोकाला मोती धरलेला, एक थेंब वर सुटलेला. ताईंना पाठवला. पुढच्या वर्षी बघू म्हणाल्या. मी तो आमच्या फोटोग्राफर मंडळींच्या ग्रुपवरही टाकला.

गेल्या आठवड्यात त्याच अ‍ॅपवर नव्या नावाने जाहिरात आली आहे. आता किंमत २१,०००, जागा कळव्याची. माहितीपत्रक बदललंय, दुधाचा मुकुट जाऊन कोकमाचा आलाय. खाली पितळी ताटली दिसते, तिची डावी कड चेपलेली आहे. आमच्याकडे ती मुंजीत आली होती आणि मुलाच्या हातून दोनदा पडली. ती चेपलेली कड दिसली तर फोटो माझा आहे, आणि तो ज्या डब्यावर काढलाय तो माझ्या घरी ओट्याखाली आहे.