मुलांच्या शिवण-फॅशन स्टुडिओची फ्रँचायझी: रत्नागिरीत दीड वर्ष, आणि त्या सुया

9 एप्रिल 2024, पाडवा. त्या दिवशी मारुती मंदिराजवळ पहिल्या मजल्यावरच्या गाळ्यात आमचा स्टुडिओ उघडला. फी किती, मशिनं कुठली, प्रशिक्षण किती दिवसांचं, हे माहितीपत्रकात सगळं छापलेलं असतं, ते परत लिहीत नाही. आठ मशिनं आणि आठ ते चौदा वर्षांची मुलं, एवढं धरून चाला. मी लिहायला बसले ती सुईपायी.

आज जुलैतला बुधवार. संध्याकाळच्या बॅचला आठातली तीन मशिनं टाके सोडत होती. दोन बोटं सरळ टीप, मग मोकळा दोरा, मग पुन्हा टीप. दहा वर्षांची एक मुलगी आजीसाठी पांढऱ्या मांजरपाटाचा अभ्रा शिवत होती. तिच्या टिपेच्या कडेनं बारीक तांबूस ठिपके उमटले होते. ती रडली नाही, पण तिनं विचारलं, "ताई, माझ्याकडून काही चुकलं का?" तिचं काहीच चुकलं नव्हतं. सुई गंजली होती.

रत्नागिरीत जून ते सप्टेंबर पापड, मीठ, कपाटातले कपडे यांचं काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि हाकेच्या अंतरावर समुद्र. मशीनची सुई पोलादाची असते, वर चकचकीत मुलामा. मोठ्या माणसाच्या हातात तो मुलामा टिकतो. मुलं मात्र टाचण्या काढायला विसरतात, सुई टाचणीवर आपटते, टोक बोथट होतं, तिथला मुलामा उडतो आणि दोन दिवसांत गंज धरतो. शिवणयंत्राचा सगळा खेळ केसभर अंतराचा आहे. सुई खाली जाऊन किंचित वर उचलली की तिच्या मागं दोऱ्याचा छोटा फास तयार होतो आणि शटलचं, म्हणजे खालचा दोरा धरून फिरणाऱ्या भागाचं, टोक तो फास अचूक पकडतं. सुई जरा वाकली, खरखरीत झाली, की फास नीट होत नाही, शटल रिकामं फिरतं आणि टाका सुटतो. दोष मुलाच्या हातात नसतो, मशीनमध्येही नसतो.

उपाय साधा आहे: सुई बदलायची. एरवी सात-आठ तास शिवलं की बदलतात, आमच्या पावसात आठवड्याला एक धरावी लागते. आम्हाला लागते ती चौदा नंबरची, म्हणजे 0.9 मिलिमीटर जाडीची. राम आळीत शिवणसामानाच्या दुकानात तिचं दहा सुयांचं पाकीट सत्तर रुपयांना मिळतं. स्टुडिओतून चालतही जाता येतं.

पण आणायची नाही. कराराच्या परिशिष्टात ओळ आहे: "केंद्राने मंजूर केलेल्या साहित्याखेरीज अन्य साहित्य वापरू नये." केंद्र म्हणजे फ्रँचायझी देणारी कंपनी, आणि साहित्यात सुयाही आल्या. त्यांचं पाकीट दोनशे वीस रुपयांना, कुरिअर वेगळं. त्याहून मोठी तक्रार वेळेची. पावसात घाटात दरड आली की पार्सल सहा-आठ दिवस अडकतं, आणि तेवढे दिवस मुलं मशीनपुढं हात बांधून बसतात. मागच्या वर्षी जास्तीच्या सुया आधीच मागवून ठेवल्या, तर पाकिटातल्या पाकिटातच गंजल्या. फोन केला तर समन्वयक मॅडम म्हणाल्या, "सुया कोरड्या जागी ठेवा." रत्नागिरीत जुलैमध्ये कोरडी जागा कुठली, ते त्यांनी सांगितलं नाही.

सुईच्या दोनशे रुपयांवरून एवढं काय, असं नवराही म्हणाला. मी वही काढून त्याला दाखवलं. आठ मशिनं, पावसाचे सतरा आठवडे, एकशे छत्तीस सुया, चौदा पाकिटं. त्यांच्या भावानं तीन हजार ऐंशी, राम आळीच्या भावानं नऊशे ऐंशी. फरक एकवीसशे, कुरिअर सोडून. साध्या महिन्यात हातात किती राहतं, तेही लिहिते, कारण हे आकडे आधी कुणी सांगत नाही. एकतीस मुलं, महिना बाराशे फी, म्हणजे सदतीस हजार दोनशे. कंपनीला रॉयल्टी आठ टक्के, तिच्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे प्रत्यक्षात 9.44 टक्के, सुमारे साडेतीन हजार. माझी उलाढाल वीस लाखांच्या खाली, नोंदणी घेतलेली नाही, त्यामुळे तो जीएसटी मला परत मिळत नाही. भाडं अकरा हजार, मदतनीस आठ हजार, वीज अठराशे, कंपनीकडून येणाऱ्या साहित्याच्या किटचे प्रत्येकी दीडशे. उरतात जेमतेम आठ हजार. त्यात एकवीसशेला किंमत आहे.

विजेबद्दल थोडक्यात: इन्व्हर्टर घ्याच. व्होल्टेजच्या चढउतारात माझे दोन पायडल गेले, दुरुस्तीला मुंबईला पाठवावे लागले, त्यांतला एक महिनाभरानं परत आला. दुसऱ्याच्या जागी मी सासूबाईंचं जुनं काळं पायाचं मशीन आणून ठेवलं. ते करारात बसत नाही, ठाऊक आहे. पण लाइट गेली की सगळी मुलं त्याच्याभोवती जमतात. चाकाला हातानं गती देऊन मग पाय लावायचा, हे एकदा जमलं की त्यांना वेगाची समज येते, जी विजेच्या मशीनवर येत नाही.

शेजारच्या गल्लीतले म्हातारे शिंपीकाका एकदा पायऱ्यांवर पावसाला थांबले होते. मी गंजलेल्या सुया दाखवल्या. त्यांनी हातसुई केसांतून दोनदा फिरवली आणि म्हणाले, "तेल लागतं गो तिला. कोरडी ठेवशील तर गंजणारच." मशीनच्या सुयांसाठी त्यांनी सांगितलं ते असं: मशीनच्या तेलाचे चार थेंब पुसलेली फ्लॅनेलची चिंधी, तिच्यात सुया टोचायच्या, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डबीत ठेवायच्या. वापरण्याआधी कोऱ्या कापडानं पुसायची आणि दुसऱ्या, टाकाऊ चिंधीवर दोन टिपा मारायच्या, नाहीतर तेलाचा डाग पडतो. याचा उपयोग होतो. निम्म्या सुया तरी वाचतात.

इथवर जुलैत लिहून ठेवलं होतं, रागात. पुढचं गणपती गेल्यावर लिहिते आहे आणि मत थोडं बदललं आहे, म्हणून ते खोडलं नाही.

अभ्यासक्रम चांगला आहे, हे मला आधीच लिहायला हवं होतं. क्रम विचारानं लावलेला आहे: कागदावर दोऱ्याशिवाय टीप, मग नाडीची पिशवी, अभ्रा, ॲप्रन, घेराचा स्कर्ट, आणि चित्रकला या सगळ्याबरोबर चालते. फॅशनच्या चित्रात माणूस नऊ डोक्यांएवढा उंच काढतात, खरा माणूस साधारण साडेसात. मुलांनी एकमेकांना भिंतीशी उभं करून मोजलं आणि मग विचारलं, "मग शिवायचं कुणाच्या मापाचं?" हा प्रश्न मला प्रशिक्षणात सुचला नव्हता.

गोल घेराच्या स्कर्टचा दिवस तर मी विसरणार नाही. कमरेचं माप 6.28 नं, म्हणजे π च्या दुपटीनं भागायचं, येते ती मधल्या भोकाची त्रिज्या. बावीस इंच कंबर, साडेतीन इंच त्रिज्या. सातवीतली एक मुलगी, गणिताच्या नावानं पोट दुखणारी, तिनं कापड चार पदरी घडी घालून खडूनं कमान काढली, कापली, उलगडली आणि कमरेला लावून पाहिली. बसली. ती घरी जाऊन वडिलांना गणितातला ‘पाय’ (π) म्हणजे काय ते शिकवत होती, असा तिच्या आईचा रात्री फोन आला.

मिरकरवाड्याचा एक मुलगा येतो, त्याचे वडील जाळी दुरुस्त करतात. पहिल्या दिवशी त्याला सुईत दोरा ओवायला लाज वाटत होती, बाकी सगळ्या मुली म्हणून. तिसऱ्या आठवड्यात तो वडिलांची जाळं विणायची चपटी लाकडी सुई घेऊन आला, आणि गाठ कशी बसते ते सगळ्यांना दाखवलं. त्या दिवशी मी किट उघडलंच नाही.

किटचा दोष एवढाच की ते इथल्या हवेसाठी केलेलं नाही. डिसेंबरचा विषय लोकरी कोट आणि बर्फाचे तारे. आमच्याकडे डिसेंबरात दुपारी पंखा लागतो. मी त्याऐवजी मोडक्या छत्र्या गोळा केल्या. छत्रीच्या कापडाच्या आठ पाकळ्या उसवायच्या, त्यांच्यापासून दप्तराचं पावसाळी आवरण. पाणी कुठून झिरपतं, टीप कुठं मारू नये, हे मुलं स्वतः शोधत गेली. जोडीला इरलं, म्हणजे शेतात पावसात डोक्यावरून घेतात ते पानांचं आवरण, दाखवलं. डोक्यापासून पाठीवर उतरणारा तो आकार वाकून भात लावणाऱ्या माणसाचा आहे, हे त्यांनी चित्र काढता काढता ओळखलं. कपडा अंगाच्या कामावरून ठरतो, हे मला याहून चांगलं शिकवता आलं नसतं.

आणि मे महिना. ज्यांना कोकणात हा धंदा करायचा आहे, त्यांनी मेवर हिशेब मांडावा. मुंबईहून आजोळी आलेली मुलं दुपारी घरात कंटाळतात. यंदा दोन शिबिरं घेतली, चोवीस-चोवीस मुलं, अडीच हजार फी, एक लाख वीस हजार जमले. वर्षाचं भाडं जवळजवळ तिथंच निघालं. उलट गणपतीत दहा दिवस कुणी फिरकत नाही, आणि किमान रॉयल्टी मात्र त्या महिन्यातही द्यावी लागते. ती ओळ सही करण्याआधी शोधा. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही, करारात लिहिलं तेच, म्हणून परिशिष्टासकट वाचा. करार संपल्यावर असा क्लास काढायचा नाही, हे कलमही असतं. माझ्या वकिलांनी 1872 च्या करार कायद्याचं कलम 27 दाखवून सांगितलं की व्यवसाय करायला आडकाठी करणारी अशी अट सहसा टिकत नाही. पण करार चालू असेपर्यंत त्यातल्या अटी पाळाव्याच लागतात.

सुयांचं पुढं असं झालं. ऑगस्टमध्ये समन्वयक बदलले. नव्या बाईंना मी ठिपक्यांचा अभ्रा, गंजलेल्या सुया आणि वहीचं पान, तिन्हींचे फोटो पाठवले. त्यांनी चार दिवसांनी स्वतः फोन केला, हळू आवाजात सगळं ऐकून घेतलं, आणि गणपतीच्या आदल्या दिवशी पत्र आलं: जून ते सप्टेंबर चौदा नंबरच्या सुया स्थानिक बाजारातून घेण्यास परवानगी. मी त्याच संध्याकाळी राम आळीतून तीन पाकिटं आणली. त्या मुलीला नवा मांजरपाट दिला, तिनं अभ्रा पुन्हा शिवला. एकही टाका सुटला नाही.

पत्रात फक्त सुया आहेत. आमच्या बॉबिनी, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रिळं, पोलादी आहेत, त्याही गंजतात, आणि तो गंज खालच्या दोऱ्याला लागून कापडाच्या उलट्या बाजूला उतरतो. तो फोटो काढून ठेवला आहे. उद्या पाठवते.