कमी पैशांत कुत्र्याचं चांगलं खाणं : दिवाळी ते पावसाळा वापरानंतरचा अनुभव

आमची चिंगी गावठी आहे. चार वर्षांची, २० किलो वजन, नसबंदी झालेली. दिवाळीपासून तिला मधल्या किमतीचं कोरडं खाद्य आणि वर एक उकडलेलं अंडं चालू आहे. त्याआधी दुकानातलं सगळ्यात स्वस्त खाद्य आणि दूध-पोळी असायची. ब्रँड मुद्दाम सांगत नाही, कारण खालच्या कसोट्यांवर वेगवेगळ्या कंपन्यांची पोती उतरतात आणि भाव तर सारखे बदलतात.

किलोचा भाव फार फसवा असतो. खरा हिशोब रोजच्या खर्चाचा. चिंगीएवढ्या कुत्र्याला दिवसाला साधारण १००० किलोकॅलरी लागतात. समजा, एक खाद्य १८० रुपये किलो आहे आणि १०० ग्रॅममध्ये ३०० किलोकॅलरी देतं. दुसरं २६० रुपये किलो, पण ३८० देतं. पहिलं रोज ३३३ ग्रॅम घालावं लागेल, म्हणजे ६० रुपये. दुसरं २६३ ग्रॅममध्ये भागतं, म्हणजे ६८ रुपये. किलोमागे ८० रुपयांचा दिसणारा फरक ताटलीत आठ रुपयांवर येतो! ज्या पोत्यावर कॅलरी छापलेल्याच नाहीत, ते मी घेत नाही.

मग पोतं उलटं करून घटक वाचायचे. ते वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. सुरुवातीलाच मका, गहू, सोया आणि मांस कुठेतरी खाली असेल तर मी पुढे जाते. ‘ताजं चिकन’ पहिलं दिसलं तरी त्यात बरंचसं पाणी असतं हे ध्यानात ठेवा. ‘चिकन मील’ म्हणजे पाणी काढलेलं, त्यामुळे त्याला नाक मुरडायचं कारण नाही. प्रथिनांचा नुसता आकडा पाहून भुलू नका, तो सोयानेही वाढवता येतो. वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याला कोरड्या वजनावर, म्हणजे खाद्यातलं पाणी वगळून, किमान १८ टक्के प्रथिनं हवीत, पिल्लाला २२.५. आणि ‘संपूर्ण व संतुलित आहार’ हे शब्द, तेही आपल्या कुत्र्याच्या वयासाठी, छापलेले हवेतच. धान्यविरहित खाद्यासाठी जादा पैसे मोजायची गरज मला वाटत नाही. २०१८ पासून अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने) अशा काही खाद्यांचा हृदयविकाराशी संबंध आहे का, याची चौकशीही केली होती.

बदल आठवडाभरात हळूहळू केला, जुन्यात नवं मिसळत. महिन्याभरात शी घट्ट आणि कमी व्हायला लागली. सकाळी फिरवताना हे लगेच कळतं. केसांना चमक यायला मात्र दोन-अडीच महिने गेले. खाज थांबली नाही. ती पिसवांची होती, औषधाने गेली. खाद्य बदललं की खाज जाईल असं दुकानदार सांगतात, त्यावर पैसे घालवण्याआधी अंगावरचे केस बाजूला करून नीट बघा.

वरून काय घालायचं, यात घरचं स्वयंपाकघर कामाला येतं. अंड्याच्या साधारण ७० किलोकॅलरी होतात. वरचं खाणं एकूण कॅलरीच्या दहा टक्क्यांत ठेवलं तर पोत्यातलं संतुलन बिघडत नाही, म्हणून एक अंडं पुरे. अंड्याच्या दिवशी दुसरं काही नाही. नसेल तेव्हा थोडी कलेजी, पण रोज नाही, कारण त्यात ‘अ’ जीवनसत्त्व फार असतं. कांदा-लसूण घातलेला रस्सा, द्राक्षं, मनुका आणि शिजवलेली हाडं बंद. निव्वळ वरण-भातावर किंवा पोळीवर कुत्रा जगतो, पण त्याला कॅल्शियम पुरत नाही. पिल्लांच्या बाबतीत तर हा धोका पत्करूच नका. पूर्ण घरचंच करायचं असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घ्या. ग्रेव्हीच्या पाऊचमध्ये ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, त्यावर पोट भरणं आमच्यासारख्यांना परवडणारं नाही. आजारी असताना भूक लागावी म्हणून ठीक.

तक्रारी दोन. वास उग्र आहे, छोट्या घरात जाणवतो. आणि पोत्याची झिप पहिल्या आठवड्यातच सुटली. मी पोतं तसंच स्टीलच्या मोठ्या डब्यात ठेवते, म्हणजे बॅच नंबर आणि तारीखही जवळ राहते. वरच्या हिशोबाने १० किलो महिन्याहून थोडं जास्त पुरतं. पावसाळ्यात २० किलोचं कितीही स्वस्त पडलं तरी १० चंच घ्या, उघडं खाद्य दमट हवेत खवट होतं. सुटं, किलोवर मोजून मिळणारं तर कुठल्याच ऋतूत नको: ते कधी उघडलं, कधी संपणार, काहीच कळत नाही.