हाफ-टन ट्रक आणि पहिला ट्रॅव्हल ट्रेलर: सीझनभर वापरल्यानंतर, डीलरशी भांडण झाल्यानंतर

ट्रकचे आणि ट्रेलरचे स्पेक्स सगळीकडे मिळतात, ते परत लिहीत नाही. क्रू कॅब (मागे पूर्ण सीट असलेला), फोर बाय फोर हाफ-टन, म्हणजे अमेरिकेतल्या फुल-साइज पिकअपमधला सगळ्यात हलका वर्ग, आणि मागे दोन ॲक्सलचा ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं फिरतं घर), ब्रोशरमध्ये ड्राय वेट, म्हणजे रिकामं वजन, 5,300 पाउंड, जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे भरल्यावर चालणारं कमाल वजन, 6,800. आज लिहायला बसलो कारण ज्या डीलरकडून ट्रेलर घेतला त्याच्या सर्व्हिस काउंटरवर हिचच्या (ट्रक आणि ट्रेलर जोडणाऱ्या भागाच्या) सेटिंगवरून चाललेला वाद शेवटी वजनकाट्याच्या पावतीने मिटला, आणि पहिला ट्रेलर बघणाऱ्या प्रत्येकाने त्या पावतीवरचे आकडे आधी समजून घ्यावेत असं मला फार मनापासून वाटतं.

सेल्समन एकच आकडा धरून बसला होता. "हा ट्रक अकरा हजार पाउंड ओढतो, तुमचा ट्रेलर तर त्याच्या जवळपास निम्माच आहे." अकरा हजार हा आकडा खोटा नाहीये. टो रेटिंग, म्हणजे ट्रक किती वजन ओढू शकतो तो आकडा, एसएई जे2807 नावाच्या स्टँडर्डप्रमाणे काढतात, टोयोटाने ते 2011 ला पहिल्यांदा लागू केलं आणि मग हळूहळू बाकीचेही आले, त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर एसी फुल चालू ठेवून ट्रेलर ओढावा लागतो. टेस्ट कडक आहे, पण त्यात ट्रकमध्ये माणसं किती धरतात तर दोन, प्रत्येकी 150 पाउंडची, वर हिचच्या सामानाचे 70 पाउंड आणि टंग वेट, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या टोकाचं हिचवर येणारं वजन, ट्रेलरच्या 10 टक्के. म्हणजे 11,000 चा ट्रेलर असेल तर 1,100 टंगवर, त्यात 300 माणसांचे आणि 70 हिचचे, झाले 1,470. माझ्या ट्रकचा पेलोड, म्हणजे माणसं, सामान आणि टंग मिळून ट्रकवर चालणारं वजन, आहे 1,480. मुलं, बेड कव्हर (मागच्या उघड्या हौद्याचं झाकण), टूलबॉक्स यातलं काहीही नसेल तरच तो अकरा हजारचा हिशोब बसतो!

तर पेलोड. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर पिवळा-पांढरा स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त किती पाउंड ते त्यावर लिहिलेलं असतं. ब्रोशरमधला पेलोड बघू नका, त्याच मॉडेलच्या दोन ट्रकांत सनरूफ, पॉवर स्टेप, मोठी चाकं यामुळे शेकडो पाउंडांचा फरक पडतो, त्यामुळे जो ट्रक घेणार आहात त्याच ट्रकच्या दाराचा फोटो मागवा आणि मगच पुढचं बोला. दुसऱ्या राज्यातून ट्रक मागवत असाल तरी मागवा. सेल्समन टाळाटाळ करत असेल तर दुसरीकडे जा, हा एक फोटो मिळाल्याशिवाय डिपॉझिट अजिबात देऊ नका.

आमचा हिशोब सांगतो. आम्ही चौघं 470, बेड कव्हर 60, बेडमधलं सामान 160, हिच 100, झाले 790. उरले 690. ब्रोशरमध्ये हिच वेट (म्हणजे टंग वेटच) 590 लिहिलंय म्हणजे वरवर बघता 100 पाउंड शिल्लक. पण ते 590 रिकाम्या ट्रेलरचं असतं. भरलेले प्रोपेनचे दोन सिलिंडर म्हणजे साधारण 75 पाउंड, ते आणि बॅटरी बरोबर पुढच्या ए-फ्रेमवर (जोडणीकडच्या त्रिकोणी सांगाड्यावर) बसतात, शिवाय पुढच्या स्टोरेजमध्ये होसपाइप, केबल, जॅक, आणि मग भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण. टँकमध्ये पाणी भरून निघालात तर गॅलनला 8.3 पाउंड वेगळे. खरं टंग वेट निघालं 800. म्हणजे स्टिकरच्या वर 110 पाउंड.

हे 800 कळलं कसं तर कॅट स्केलवर. हायवेच्या ट्रक स्टॉपवर असतो तो काटा, पुढची चाकं पहिल्या प्लॅटफॉर्मवर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलरची तिसऱ्यावर, आणि प्रत्येकाचं वजन वेगळं छापून मिळतं. पहिल्यांदा केलं की 24 तासांत परत करायला खूपच कमी पैसे लागतात, त्यामुळे एकाच चकरेत सगळं करून घ्या: एकदा हिचचे बार (टंगचं वजन पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या ॲक्सलवर वाटणारे) लावून, एकदा बार काढून, एकदा नुसता ट्रक. ट्रेलर आणि ट्रकवर एवढा खर्च झालेला असतो की त्यापुढे काट्याचे पैसे काहीच नाहीत, आणि मी पैसे खर्च करताना दहा वेळा विचार करणारा माणूस आहे.

नुसत्या ट्रकला पुढे 3,460 मागे 2,900. ट्रेलर लावला, बार काढलेले, तर पुढे 3,140 आणि मागे 4,020. पुढच्या चाकांवरून 320 पाउंड उचलले गेले! स्टिअरिंग हलकं का लागत होतं, रात्री समोरचे गाडीवाले सारखे डिपर का देत होते, शेजारून सेमी (मोठा मालट्रक) गेला की ट्रकचं नाक का हलत होतं, सगळ्याचं उत्तर त्या एका आकड्यात आहे. आणि डीलरने सेट करून दिलेले बार लावल्यावर? पुढे 3,180, मागे 3,960. चाळीस पाउंड परत आले फक्त. मागच्या ॲक्सलची मर्यादा, तीही दारावरच लिहिलेली असते, 3,900 आहे. म्हणजे सेटअपचे वेगळे पैसे घेऊन, "एकदम परफेक्ट" म्हणून दिलेली जोडी मागच्या ॲक्सलवर ओव्हरलोड होती, आणि त्यात माझी मुलं मागच्या सीटवर बसतात. याचा मला खरंच फार राग आला.

काउंटरवरचा माणूस आधी म्हणाला थोडं बसणं नॉर्मल आहे. मग म्हणाला एअरबॅग (मागच्या स्प्रिंगला आधार देणारे हवेचे फुगे) टाका. एअरबॅगने मागचा भाग वर दिसेल हो, पण पुढच्या चाकांवर वजन परत येत नाही. तिन्ही पावत्या आणि दाराचा फोटो शेजारी शेजारी ठेवले तेव्हा मॅनेजरला बोलावलं गेलं, आणि अर्ध्या तासात काम झालं: हिचच्या हेडमध्ये वॉशर वाढवून ते मागे झुकवलं आणि बार वरच्या भोकात घेतले. परत काटा केला. पुढे 3,360, मागे 3,680, ट्रेलरचे ॲक्सल 5,560.

आता इथे माझं मत बदललंय ते स्पष्ट सांगतो. हा रिव्ह्यू मी हाफ-टनच्या विरोधात लिहायच्या तयारीत होतो, थ्री-क्वार्टर टनशिवाय (हाफ-टनच्या वरचा दणकट वर्ग) फॅमिलीने ट्रेलर घेऊच नये असा. पण बार नीट बसल्यावर तोच ट्रक, तोच ट्रेलर, तोच वाऱ्याचा रस्ता आणि गाडी इतकी शांत चालते की बायकोने स्वतःहून चालवायला मागितली. हलकी जोडी असेल तर हाफ-टन चांगला आहे, अट एवढीच की वजन वाटणारी हिच काट्यावर सेट केलेली पाहिजे, डोळ्यांनी नाही. किती वजन पुढे परत आणायचं ते प्रत्येक ट्रकच्या मॅन्युअलमध्ये वेगवेगळं असतं, तेच धरा. आणि हिचमुळे स्टिकरवरचा आकडा वाढत नाही हेही लक्षात ठेवा. पुष्कळ हाफ-टनच्या रिसीव्हरवरच (ट्रकच्या ज्या चौकोनी नळीत हिच खोचतात तिच्यावर) लिहिलेलं असतं की अशी हिच नसेल तर टंगवर 500 च्या पुढे जायचं नाही.

बार नीट बसल्यावर टंगचं थोडं वजन ट्रेलरच्या ॲक्सलवर गेलं, त्यामुळे आमच्या ट्रकचं एकूण 7,040 आलं, जीव्हीडब्ल्यूआर 7,050. दहा पाउंड शिल्लक मला चालत नाही, म्हणून टूलबॉक्स, खुर्च्या, लेव्हलिंग ब्लॉक बेडमधून काढून ट्रेलरमध्ये ॲक्सलच्या वर नेले. मागे टोकाला नाही! टंग 10 टक्क्यांच्या खाली गेलं की ट्रेलर शेपटी हलवायला लागतो आणि ते कुठल्याही ओव्हरलोडपेक्षा भयंकर.

बाकी इंजिनबद्दल तक्रार नाही, टो-हॉल मोडमध्ये (ओढताना वापरायचा गिअर मोड) उतारावर गिअर छान धरतो, मायलेज निम्म्यावर येतं, तेवढं धरूनच चाला. टो मिरर (बाहेर जास्त निघणारे आरसे) सुरुवातीला मला उगाच खर्च वाटले होते, आता त्यांच्याशिवाय निघणार नाही. ट्रेलरच्या टायरवर स्पीड रेटिंग बघा, काही एसटी टायर (खास ट्रेलरसाठीचे) ताशी 65 मैलांचेच असतात आणि ट्रक 75 ला सहज पळतो, तिथेच गडबड होते.

थ्री-क्वार्टर टन डिझेल दाखवत होते परवा, दार उघडून बघितलं तर डिझेल इंजिनच्या वजनामुळे पेलोड वाटला तेवढा मोठा नव्हताच. त्यामुळे ट्रक बदलत नाहीये. सेटअपचे पैसे मात्र लेखी परत मागितलेत, तिन्ही पावत्यांच्या कॉप्या जोडून.