डीआरबी पावडर, 10 मिलिग्रॅम: काम चोख, झाकण वैताग

पेशींतलं ट्रान्सक्रिप्शन, म्हणजे जीनवरून आरएनए बनणं, थांबवून परत एकदम चालू करायचं होतं म्हणून ते अडवणारं डीआरबी हे रसायन मागवलं, कंपनीचं नाव घेत नाही. कुपी उघडली तर आत काहीच नाही! रिकामीच पाठवली की काय म्हणून धस्स झालं, मग दिसलं की सगळी पावडर झाकणाला चिकटलीय. आधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा आणि मगच उघडा एवढं लेबलवर लिहायला काय जातं यांचं?

बाकी माल एक नंबर. 313 मायक्रोलिटर डीएमएसओ या द्रावकात विरघळवलं की 100 मिलिमोलरचा स्टॉक तयार. मीडिया (पेशी वाढवायचं द्रव) मात्र कोमट घ्या आणि हलवत हलवत टाका, मी पहिल्यांदा फ्रिजमधून काढलेल्या मीडियात ओतलं आणि मायक्रोस्कोपखाली प्लेटभर डीआरबीच्या स्फटिकांच्या सुयाच सुया.

हेला पेशींना (लॅबमध्ये वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशी) 100 मायक्रोमोलर, 3 तास दिलं. होतं काय, की आरएनए बनवणारं एन्झाइम पॉलिमरेज टू जीनवर 20 ते 60 बेस (डीएनएची अक्षरं) जाऊन थबकतं, डीएसआयएफ आणि नेल्फ ही प्रथिनं त्याला धरून ठेवतात, मग पी-टेफबी हा प्रथिनांचा संच येऊन या दोघांवर आणि पॉलिमरेजच्या शेपटीवर फॉस्फेट लावतं, नेल्फ सुटतो आणि गाडी निघते. डीआरबी त्या पी-टेफबीतल्या फॉस्फेट लावणाऱ्या सीडीके9 एन्झाइमलाच गप्प बसवतं, त्यामुळे सगळी पॉलिमरेजं सिग्नलला उभी. पीबीएसने (खारं बफर) तीनदा धुतलं की एकदम सुटतात, मग दर 10 मिनिटांनी आरएनए काढून लांबलचक जीनवर क्यूपीसीआर (आरएनएचं प्रमाण मोजायची चाचणी) केलं तर एकदम सुटलेल्या पॉलिमरेजांची लाट पुढे सरकताना अक्षरशः दिसते राव! आमच्याकडे मिनिटाला 3 हजार बेसच्या आसपास वेग आला, पटण्यासारखा आहे.

त्याऐवजी सीडीके9लाच अडवणारं फ्लेवोपिरिडॉल घ्या असं सिनियर म्हणत होते. ते नॅनोमोलरमध्येच काम करतं हे खरं आणि त्याचा जन्मही आपल्या मुंबईतला, होक्स्ट या औषध कंपनीच्या संशोधन केंद्रातला, सह्याद्रीतही वाढणाऱ्या एका झाडातल्या रोहितुकीन या रसायनावरून बनवलेलं. पण ते डीआरबीसारखं सहज धुऊन निघत नाही, मग लाट बघणार कशी?

एक गोष्ट लक्षात ठेवा, डीआरबी केसिन कायनेज 2 या दुसऱ्या एन्झाइमलाही अडवतं, त्यामुळे नुसत्या याच्या जोरावर 'सीडीके9 मुळेच झालं' असं लॅब मीटिंगमध्ये ठोकून देऊ नका, मी दिलं होतं आणि चांगलीच हजेरी घेतली गेली.

4 स्टार, एक झाकणाचा कापला. एका कुपीत 100 मायक्रोमोलरचा 300 मिलीच्या वर मीडिया होतो, त्यामुळे सुरुवातीलाच 50 मिलिग्रॅमची घ्यायची गरज नाही.